सरस

कातड्याचा सरस रात्रभर पाण्यात भिजतो.
सकाळी फुगलेला, पिवळट, थरथरता.
स्तेर्गिओस भांड्यात भांडं ठेवतो,
खालच्यात पाणी, वरच्यात सरस,
बोट टेकवून लगेच उचलावं लागेल
इतकंच ऊन.
उकळला की मेला,
हे त्याला बापाने सांगितलेलं.
योआन्निनाच्या या गल्लीत
लाऊतो बनवणारं आता हे एकच दुकान.
भिंतीवर एकाहून एक सरस वाद्यं,
आणि त्यांच्यात कुठेच न दिसणारा
सरस.

पोलिक्सेनी तळ्यातल्या बेटाकडे जाणाऱ्या
बोटीची तिकिटं विकायची. बावीस वर्षं.
न बघता सुटे पैसे मोजणारी बोटं.
मार्चमध्ये तिच्या हातून एक नाणं पडलं.
मग आणखी.
मग एका दुपारी डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं,
ती म्हणाली, तळ्यावरचं असेल.
तळं लख्ख होतं.

डॉक्टर कालिरोई त्यांच्या मुलीच्या वयाची.
पडद्यावर पोलिक्सेनीच्या मेंदूचे काप,
त्यात पांढरे डाग, भिंतीला ओल यावी तसे.
दोष मुळात तारांमध्ये नाही, ती म्हणाली,
तारांवरचं आवरण उखडतंय.
ते आवरण ज्या पेशी गुंडाळतात
त्या ग्लिया जातीच्या.

स्तेर्गिओस हसला,
दवाखान्यात हसू नये तसा.
ग्लिया? हा तर आमच्या धंद्यातला जुना शब्द!

हो, ती म्हणाली, सरसच.
नाव ठेवणाऱ्याला वाटलं,
बोलतात त्या चेतापेशी,
आणि मधल्या पोकळीत हा नुसता चिकटा.
पुढे कितीतरी वर्षं
फारसं कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

"त्याने कधी वाद्य जोडलं नसेल,"
स्तेर्गिओस म्हणाला.

लाकूडवाल्याच्या बिलामागे, सुताराच्या पेन्सिलीने,
त्याने मग ऐकलं ते लिहून घेतलं:
*ताऱ्यासारख्या* पेशी. रक्ताला पाय टेकून उभ्या.
चेतापेशींना खाऊ घालतात,
त्या बोलून झाल्या की सांडलेलं पुसून घेतात.
बारक्या, फिरत्या. मेलेलं उचलतात. पहारा.
इथे एक ओळ खोडलेली.
खाली, पेन्सील रुतवून:
*बाहेरचे आत घुसले की त्यांना सामील होतात.*
*घरचेच.*

उखडलेलं पुन्हा चिकटतं का, त्याने विचारलं.
कधी कधी. पातळ. पहिल्यासारखं नाही.

कारखान्यातला गोंद एकदा धरला की सोडत नाही,
लाकूड फुटेल पण जोड सुटणार नाही.
सरस सोडतो.
ओल्या, तापल्या सुरीपुढे तो नमतं घेतो,
म्हणून तर आजोबांच्या हातचं वाद्य
नातवाला उघडता येतं, आणि मिटता.
हे तो डॉक्टरला सांगणार होता.
सांगितलं नाही.
उपमेने कुणाचं बोट हलत नसतं.

सहा महिन्यांनी एकदा सलाईन.
दुपारी थकवा असा येतो की ती
चमचा हातात धरून झोपते.
झोपेत मेंदूच्या कडेकडेने पाणी फिरतं म्हणे,
दिवसाचा गाळ वाहून नेतं,
आणि त्या पाण्याच्या वाटा
त्या ताऱ्यांच्याच अंगाखांद्यावरून जातात.
तेवढा वेळ तो करवत चालवत नाही.
पलीकडच्या चांदीवाल्यालाही
त्याने हातोडी थांबवायला सांगितली,
आणि तो, जन्मभराचा भांडखोर,
थांबला.

शनिवारी ती दुकानात उतरली,
जिन्यावर सतरा पायऱ्या, एकेक मोजत.
कामाला लाव, म्हणाली.
अक्रोडाची एक वाकलेली पट्टी दुसरीला भिडवून
त्याने तिचे दोन्ही हात त्यावर ठेवले.
दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस.

बोटं थरथरली. जोडातून
सरसाचा एक थेंब बाहेर आला,
मधाच्या रंगाचा,
आणि तिच्या अंगठ्याला लागला.

"किती वेळ?"

तो घड्याळाकडे पाहत नाही.